खाशाबांचा प्रवासखर्च

१५ जानेवारी हा कुस्तीगीर खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये हा दिवस राज्य क्रीडादिन म्हणून पाळण्याचे ठरविले व तेव्हापासून प्राथमिक शाळांतूनही त्या दिवशी खाशाबांची गोष्ट सांगितली जाते. तिचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरून गेलेला असतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा शेतकऱ्याचा मुलगा, हेलसिंकीचे कांस्यपदक आणि मग १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. ढोल-लेझमीच्या गजरात चाललेल्या त्या मिरवणुकीला गावच्या वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंतच्या पाव तासाच्या वाटेला सात तास लागले, हे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज चढतो आणि मुलेही आपण होऊन टाळ्या वाजवितात. हे वर्णन वगळावे असे कोणीही म्हणणार नाही. तथापि त्या बैलगाड्या पदक मिळाल्यानंतर जुंपल्या गेल्या. पदकाच्या आधी जे घडले ते मात्र 'लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठविले' एवढ्या एकाच वाक्यात उरकले जाते. प्रस्तुत पाठ त्या एका वाक्याचा आहे.

हा पाठ इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी योजिला असून त्यास दोन तासिका पुरतील. इतिहास, नागरिकशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांशी त्याचा सांधा जुळतो. क्रीडादिनाच्या भाषणाला जोडून तो घेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, टाळ्यांचा आवाज ओसरल्यावर घेणे बरे.

आरंभी शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : गोळेश्वरच्या तरुणाला हेलसिंकीच्या आखाड्यात उतरण्यासाठी काय काय लागले असेल? मुले दूध, तूप, जोर-बैठका, तालीम अशी उत्तरे देतील. ती फळ्याच्या डाव्या बाजूस लिहावीत. मग जगाचा नकाशा लावून फिनलंड देश दाखवावा. तेथवर जाण्याचे भाडे, राहण्याजेवण्याचा खर्च, त्या देशाच्या हवेला साजेसे कपडे, गादीवरच्या कुस्तीचे बूट, नियम जाणणारा शिक्षक, सोबत एखादा जाणता अधिकारी आणि खेळाडू परदेशी असताना त्याच्या घरची चूल पेटती ठेवणारा कोणीतरी, ही यादी फळ्याच्या उजव्या बाजूस हळूहळू मुलांकडूनच काढून घ्यावी. डाव्या बाजूचे सारे खेळाडू स्वतःच्या कष्टाने मिळवू शकतो. उजव्या बाजूचे बहुतेक सारे दुसऱ्या कोणीतरी पुरवावे लागते. तो दुसरा कोण, हा या पाठाचा विषय होय.

भारतातील खेळाडू ऑलिंपिकला गेले त्याचा एक जुना धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शर्यती झाल्या. त्या वेळी जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. धावणाऱ्यांत खेड्यांतून आलेले शेतकरी तरुण होते आणि ते अनवाणी धावत होते. तरीही त्यांच्या धावण्याचा वेळ युरोपातील खेळाडूंच्या वेळेच्या जवळपास येतो, हे दोराबजींच्या ध्यानी आले. त्यांनी पुढाकार घेतला, स्वतःचा पैसा घातला, इतरांकडून मिळविला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला चार धावपटू व दोन मल्ल रवाना झाले. धावपटूंत बेळगावकडील फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यतीत त्यांचा क्रमांक १९ वा आला. मल्लांपैकी रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले आणि चौथे राहिले. एका उद्योगपतीच्या नजरेस काही अनवाणी पाय पडले म्हणून एवढे घडले. ती नजर त्या दिवशी दुसरीकडे वळली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मुलांना विचारण्याजोगा आहे.

खाशाबांच्या वाट्याला आलेला आश्रय निराळ्या प्रकारचा होता. कोल्हापूर संस्थानात मल्लविद्येला राजाश्रय होता. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत तालमी भरभराटीस आल्या आणि खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. १९२६ साली जन्मलेले खाशाबा पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी सोसला. तेथे ते सहावे आले.

सहावा क्रमांक ऐकून मुले थोडी हिरमुसतात असा अनुभव येतो. त्यांना सांगावे की लाल मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढत होता. गादीवर पाय वेगळा पडतो, पकड वेगळी बसते आणि गुणांचा हिशेब तर अगदीच निराळा. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी लंडनच्या स्पर्धेपूर्वी त्यांना काही शिकविले, पण अनेक वर्षांच्या सवयी थोड्या दिवसांत बदलत नसतात. आखाड्यातील माती आणि स्पर्धेतील गादी यांतील अंतर हाही एक खर्चच आहे. तो वेळेवर केला नाही तर भाडे भरून पाठविलेला खेळाडू शिकण्यातच वेळ घालवितो.

येथे शिक्षकांनी एका तारखेपाशी थांबावे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. इतिहासाच्या पाठात विलीनीकरण म्हणजे नकाशावरील एक रंग पुसून दुसरा भरणे एवढेच बहुधा शिकविले जाते. प्रत्यक्षात त्याबरोबर अनेक आश्रय संपले व नवे अजून उभे राहावयाचे होते. अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली ती १९५४ साली. पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली ती १९६१ साली. हेलसिंकीचे ऑलिंपिक होते १९५२ चे. संस्थानचा दरबार मावळलेला आणि लोकशासनाची क्रीडायंत्रणा अजून जन्मास यावयाची, अशा नेमक्या मधल्या काळात खाशाबा पंचविशीचे होते. मल्लाचे ऐन वय कोणत्याही यंत्रणेसाठी थांबत नाही. मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावयाचे तर जुने छप्पर उतरवले होते, नवे घातलेले नव्हते आणि पाऊस तर आला होता.

निवडीचीही अडचण झाली. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने त्यांना निरंजन दास यांच्यापुढे हार पत्करावी लागली. निर्णय न्याय्य नाही असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी जिंकली. जागा मिळाली, परंतु जागेबरोबर खर्च मिळाला नाही. राज्य शासनाकडून मिळालेले साहाय्य अपुरे होते. मग घरची माणसे गावोगाव आणि दारोदार फिरली. गोळेश्वरने दिले, शेजारच्या गावांनी दिले, दुकानदारांनी दिले. आणि तरीही उरलेली मोठी तूट राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले तेव्हा भरली गेली.

हा प्रसंग सांगताना शिक्षकांनी घाई करू नये. सात हजार हा आकडा आजच्या मुलांस किरकोळ वाटतो, कारण तेवढ्यात एक साधा मोबाइल येतो हे त्यांना ठाऊक असते. म्हणून आकड्याला वजन देणे अवश्य आहे. त्या काळी एखाद्याचे मासिक वेतन ५० रुपये होते असे समजा, तर ७,००० रुपये म्हणजे किती महिन्यांचे वेतन? १४० महिन्यांचे, म्हणजे ११ वर्षे ८ महिन्यांचे. ज्या शाळांच्या कपाटांत जुनी पगारपत्रके जपून ठेवलेली असतील तेथे ५० हा मानलेला आकडा काढून त्या पत्रकातील खरा आकडा घालावा आणि भागाकार पुन्हा करवावा. आपल्याच शाळेतील पूर्वीच्या गुरुजींच्या पगाराने केलेला हा हिशेब मुलांच्या मनात दीर्घकाळ राहतो. उत्तर काढून झाल्यावर काही न बोलता 'घर गहाण ठेवणे' या शब्दांचा अर्थ विचारावा. शेतकरी कुटुंबांतील मुले तो अर्थ शिक्षकांपेक्षाही नेमका सांगतात. काही मुले तो सांगताना खाली पाहतात, तेव्हा पुढचा प्रश्न त्यांना विचारू नये.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनगटात लढले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांना त्यांनी हरविले. पुढे जपानचे शोहाची इशी यांच्याशी झालेली कुस्ती लांबली व ती त्यांनी गमावली. ती संपताच त्यांना सोव्हिएट संघाचे रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. पण तसा आग्रह धरणारा एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक क्रीडाप्रकारातील हे पहिले ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे दुसरे मल्ल केशव माणगावे आपल्या गटात चौथे आले. त्यांचे नाव शाळांच्या भाषणांत क्वचितच येते. ते यावे.

त्या अर्ध्या तासाकडे मुलांचे लक्ष विशेषत्वाने वेधावे. घर गहाण पडले, वर्गण्या झाल्या, हजारो मैलांचा प्रवास झाला, मल्लाने आपले काम चोख बजावले, आणि अखेरीस कमी पडला तो नियमपुस्तिका हाती घेऊन उभा राहणारा एक माणूस. तो असता तर पदकाचा रंग बदललाच असता असे म्हणता येणार नाही. इशी व मामेदबेयोव्ह दोघेही समर्थ मल्ल होते. एवढे मात्र खरे की खेळाडूला साहाय्य म्हणजे केवळ पैशाची थैली नव्हे, हे त्या अर्ध्या तासावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येने होणार नाही.

गावी परतल्यावर बैलगाड्या निघाल्या, त्यांचे वर्णन आता करावे. त्यानंतर लगेच सांगावे की खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या ठरविल्या, त्या मारल्या आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. पदक मिळविणारा मल्ल पुन्हा मैदानात उतरला तो देणे फेडण्यासाठी, हे ऐकताना वर्ग शांत होतो. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये ते मिळविले. मधल्या ४४ वर्षांत या देशात बलवान मुले जन्मलीच नाहीत असे कोणी मानणार नाही.

दुसऱ्या तासिकेत आजची व्यवस्था समजावून द्यावी. योजनांची नावे पाठ करवून घेण्याचे कारण नाही, त्यांचे कार्य समजले म्हणजे पुरे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांनंतर, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले, म्हणजे खाशाबा गेले त्याच वर्षी. प्रशिक्षण केंद्रे, मार्गदर्शक, वसतिगृहे ही त्याची कामे. १९९८ मध्ये राष्ट्रीय क्रीडा विकास निधी निर्माण झाला. शासनाबरोबर संस्था व नागरिकांनीही त्यात पैसा घालावा ही त्यामागील कल्पना, म्हणजे गोळेश्वरच्या वर्गणीचेच देशव्यापी रूप म्हणावयाचे. कंपनी कायद्याने २०१४ पासून ठरावीक आकारापुढील कंपन्यांवर आपल्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी खर्चण्याचे बंधन आले आणि त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. दोराबजींनी आपखुशीने केले त्याला अशा रीतीने कायद्याची वाट मिळाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ऑलिंपिकमध्ये पदकाची आशा असलेल्या निवडक खेळाडूंसाठी 'टॉप्स' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना सुरू झाली. परदेशातील सराव, मार्गदर्शक, साहित्य, व्यायामोपचार यांचा खर्च ती उचलते, शिवाय खेळाडूच्या हाती दरमहा ५०,००० रुपये देते. खाली वाढत असलेल्या खेळाडूंचा दुसरा गट आहे, त्यांना दरमहा २५,००० रुपये. त्याहून लहान वयाच्या निवडक मुलांसाठी 'खेलो इंडिया' योजना असून तीत दरमहा १०,००० रुपये हातखर्च मिळतो, व निवास-प्रशिक्षणाचा खर्च वेगळा होतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तयारीवर केंद्र शासनाने सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केले. त्यांत मैदानी खेळांवर सुमारे ९६ कोटी, बॅडमिंटनवर ७२ कोटी, नेमबाजीवर ६० कोटी, कुस्तीवर जवळजवळ ३८ कोटी असे वाटप होते. भारताचे ११७ खेळाडू गेले आणि ६ पदके आली. हे आकडे फळ्यावर पडताच चलाख मुले भागाकार करतील व 'दर खेळाडूस चार कोटी' असे उत्तर देतील. उत्तर गणिताने बरोबर, अर्थाने चूक. हा पैसा प्रत्यक्ष गेलेल्या ११७ जणांवरच नव्हे, तर निवड न झालेल्या अनेकांच्या सरावावर, शिबिरांवर, मार्गदर्शकांवर आणि कित्येक परदेशी स्पर्धांवर खर्च झालेला असतो. कोणत्या संख्येला कोणत्या संख्येने भागावयाचे हे ठरविणे भागाकार करण्याहून कठीण असते, हे शिकविण्याची अशी संधी पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत सहसा मिळत नाही. सहा पदकांनी ४७० ला भागून पदकाची किंमत काढणारे प्रौढ लोकही आढळतात, तेव्हा मुलांस दोष देऊ नये.

त्या सहा पदकांपैकी एक कोल्हापूर जिल्ह्यात आले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी येथील स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळाले ते खाशाबांनंतर थेट ७२ वर्षांनी. त्यांचे वडील शिक्षक, ही गोष्ट शिक्षकवर्गास अभिमानाची वाटेल. पण या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. २००९ साली वडिलांनी त्यांस राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे त्यांच्या नेमबाजीस आरंभ झाला. पुढे रेल्वेत नोकरी मिळाली. नेमबाजी हा खर्चाचा खेळ आहे. रायफल एकदा घेता येते, पण काडतूस उडाले की संपले, आणि सरावात ती हजारोंनी उडवावी लागतात. श्रीमंत घरातील मुलाला ते परवडते. २००८ साली बीजिंग येथे भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारे अभिनव बिंद्रा यांच्या वडिलांनी घरीच नेमबाजीचे मैदान बांधून दिले होते. त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्याच्या घरी मैदान बांधता येत नाही त्याच्यासाठी प्रबोधिनी लागते, नोकरी लागते, योजना लागते. १९५२ मध्ये एका माणसाने घर गहाण ठेवून जे केले ते २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत निरनिराळ्या कचेऱ्यांनी तुकड्यातुकड्याने केले. कचेऱ्यांविषयी तक्रारी करण्यास जागा नेहमीच असते, पण हा फरक डोळ्यांआड करता येणार नाही.

पारितोषिकांचा विषय मुले आपण होऊन काढतील, कारण त्या रकमा वर्तमानपत्रांत ठळक छापल्या जातात. ऑलिंपिक पदकाबद्दल केंद्राचे पारितोषिक सुवर्णास ७५ लाख, रौप्यास ५० लाख व कांस्यास ३० लाख असे ठरलेले आहे. राज्ये याहून पुष्कळ अधिक देतात. हरियाणाने सुवर्णासाठी ६ कोटी रुपये ठेविले आहेत. ही रक्कम देऊ नये असे नाही. खेळाडूचे उमेदीचे वय थोडे असते आणि पुढचे आयुष्य लांब. पण बक्षीस आणि साहाय्य यांत मुलांना भेद करता आला पाहिजे. बक्षीस देणाऱ्यास निकाल ठाऊक असतो, साहाय्य देणाऱ्यास तो ठाऊक नसतो. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले तेव्हा खाशाबा पहिल्याच फेरीत हरणे अगदी शक्य होते.

इतर देशांतील एक उदाहरण येथे पुरे होईल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळाले व तो देश पदकतालिकेत ३६ वा राहिला. त्यानंतर तेथील राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातील भाग खेळाडूंच्या तयारीसाठी मिळू लागला. २० वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, ब्रिटन २७ सुवर्णपदकांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. पैशाने फळ येते, पण एका वर्षात येत नाही, एवढे यावरून दिसते. या फळाला एक कडू बाजूही आहे. पदकाची आशा नसलेल्या खेळांचे अनुदान त्या देशाने कमी केले व बास्केटबॉलसारख्या, गल्लीतल्या मुलांच्या आवडीच्या खेळास त्याची झळ लागली. शिवाय लॉटरीची तिकिटे कोण घेतो याचा विचार केला तर हा पैसा कोणाच्या खिशातून येतो हेही कळते. सातवीच्या मुलांना एवढे सांगण्यास हरकत नाही.

आता एक आक्षेप. तो मुलांपेक्षा शिक्षकांच्याच मनात येईल व तो यावा हे योग्यच आहे. शाळेला धड मैदान नाही, आणि ४७० कोटींच्या गोष्टी कशाला? समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांसाठी क्रीडासाहित्याचे वार्षिक अनुदान ठरविले गेले ते प्राथमिक शाळेस ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपये आणि माध्यमिक शाळेस २५,००० रुपये असे. वरच्या टोकाला कोटी आणि खालच्या टोकाला पाच हजार, हे अंतर लपविण्याजोगे नाही. परंतु वरचे कमी केल्याने खालचे वाढेल असा समज मात्र भाबडा आहे. विचार करण्याची खरी जागा दोहोंच्या मध्ये आहे. प्रबोधिनी, खेलो इंडिया, टॉप्स या साऱ्या पायऱ्या मूल कोणाच्या तरी नजरेस पडल्यानंतर सुरू होतात. नजरेस पडण्यापूर्वीच्या पायरीला कोणत्याही योजनेचे नाव नाही. तेथे फक्त शाळा असते.

त्या पायरीवर काय घडते ते सर्वांस परिचित आहे. पाचवीतील एखादी मुलगी केंद्राच्या स्पर्धेत सर्वांच्या पुढे धावते. तालुक्याच्या स्पर्धेचे पत्र येते. त्या दिवशी घरी सोयाबीनची काढणी असते, सोबत जाण्यास कोणी मोकळे नसते, जन्मतारखेचा दाखला सापडत नाही, आणि एस.टी.चे भाडे थोडेसेच असले तरी ते कोणी द्यावयाचे हे ठरलेले नसते. मुलगी जात नाही. पुढच्या वर्षी ती धावण्यास उभीही राहत नाही. हेलसिंकीचे भाडे आणि तालुक्याचे भाडे यांत रकमेचा फरक आहे, जातीचा नाही. तेव्हा ज्या शाळेत हा पाठ घेतला जाईल तेथे स्पर्धांचे वेळापत्रक येण्याची वाट न पाहता वर्षारंभीच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत खेळाडूंच्या प्रवासाचा विषय घ्यावा, पाच-सहा मुलांच्या भाड्याची तजवीज करून ठेवावी, सोबत कोण जाईल ते नावानिशी ठरवावे आणि दाखल्यांच्या प्रती एका धारिकेत लावाव्यात. सोबत जाणाऱ्याने स्पर्धेचे नियम आधी वाचलेले असावेत. तो अर्धा तास तालुक्याच्या मैदानावरही मागावा लागतो. क्रीडा अनुदानातून आलेले साहित्य साठा नोंदवहीत चढवून कपाटात कुलूपबंद ठेवण्याची जी चाल काही शाळांत दिसते तीही या निमित्ताने मोडावी. फुटबॉल झिजला तर त्याचा जाब लेखापरीक्षणात देता येतो, तो कपाटात वाळला तर मुलांना काय सांगणार?

पाठाच्या शेवटी वर्गात गोळेश्वरची १९५२ मधील गावसभा भरवावी. एक विद्यार्थी खाशाबांचा भाऊ होऊन मागणी मांडील, दुसरे शेतकरी, दुकानदार, गुरुजी, सुतार, विधवा आजी अशी नावे घेऊन आपण काय देऊ शकतो ते सांगतील. दोघा-तिघांनी विरोधात बोललेच पाहिजे : विहिरीला कठडा नाही, शाळेचे छप्पर गळते, आणि एका पोराच्या कुस्तीसाठी गावाने रिकामे व्हावे काय? या विरोधकांची खिल्ली उडू देऊ नये, त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. शिक्षकांनी आपला कौल देऊ नये. पदक मिळाले होते ही गोष्ट सभेतील कोणास ठाऊक नाही, असे आरंभीच बजावावे. नंतर मत घ्यावे, जमलेली रक्कम फळ्यावर मांडावी, ७,००० मधून वजा करावी, आणि सभेचे इतिवृत्त दोन विद्यार्थ्यांकडून लिहवून वर्गाच्या वहीत, विरोधकांच्या नावांसह, जपून ठेवावे. पुढील वर्षीच्या वर्गाची सभा झाल्यावर ते त्यांना वाचून दाखविता येईल.